शातो म्हणजे राजाचा किल्ला? तीन वाक्यांतल्या तीन गफलती

फ्रान्सच्या सहलींच्या फोटोंखाली एक मजकूर सारखा फिरतो आहे: "शातो म्हणजे किल्ला. तिथे फ्रान्सचे राजे राहत. वाइनच्या बाटलीवर शातो लिहिलेलं असलं, की ती त्या किल्ल्याच्या तळघरात मुरलेली, म्हणजे अव्वलच."

पहिलं वाक्य जुन्या काळापुरतं खरं. इंग्लंडच्या राजा रिचर्डने 1196 ते 1198 मध्ये सीन नदीकाठच्या कड्यावर बांधलेला शातो गायार हा पक्का लढाऊ किल्ला. पुढे तोफा आल्या आणि उंच तटांचा भरवसा गेला. सोळाव्या शतकात ल्वार नदीच्या खोऱ्यात उभ्या राहिलेल्या शातोंना रुंद खिडक्या आहेत, बुरूज आहेत ते मिरवण्यापुरते. म्हणून लढाऊ किल्ल्याबद्दल नेमकं बोलायचं तर फ्रेंच माणूस 'शातो फोर' म्हणतो. नुसता शातो म्हटलं की बहुतेक वेळा खेड्यातलं, स्वतःच्या जमीनजुमल्यातलं खानदानी घर. आपल्या गढीची आठवण येते खरी, पण गढीने तटबंदी सोडली नाही, शातोने सोडली.

राजांचं तर विचारूच नका. शेर नदीवर कमानी टाकून उभा असलेला देखणा शनोंसो बांधायला घेतला तोमा बोइए या राजाच्या खजिन्यावरच्या अधिकाऱ्याने, आणि कामावर देखरेख त्याच्या बायकोची, कातरीन ब्रिसोनेची. व्हो-ल-व्हिकोंत हा अर्थमंत्री निकोला फुकेचा. 17 ऑगस्ट 1661 ला त्याने तिथे चौदाव्या लुईला अशी जंगी मेजवानी दिली, की तीन आठवड्यांच्या आत फुके अटकेत होता. (अटकेचं आधीच ठरलं होतं, मेजवानीने फक्त तेल ओतलं.) त्याचे वास्तुविशारद, चित्रकार आणि बागरचनाकार लुईने व्हर्सायच्या कामाला लावले. व्हर्सायलाही फ्रेंचमध्ये शातोच म्हणतात, तेव्हा राजांचे शातो होतेच. पण 1519 मध्ये सुरू झालेला चारशेंहून जास्त खोल्यांचा शांबोर घ्या. तो बांधवून घेणाऱ्या पहिल्या फ्रान्स्वाने बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत तिथे जेमतेम काही आठवडे काढले, तेही शिकारीच्या निमित्ताने. आणि हो, गावाबाहेरच्या पाण्याच्या उंच टाकीला फ्रेंचमध्ये 'शातो दो' म्हणतात.

राहिली वाइन. बोर्दोच्या बाटलीवरचा शातो म्हणजे द्राक्षमळा. द्राक्षं त्याच मळ्यातली हवीत, असा फ्रेंच कायद्याचा दंडक आहे. तिथे महाल हवाच असं नाही. कित्येक ठिकाणी साधं शेतघर आणि शेड असते. दर्जाची हमीही या शब्दात नाही, त्यासाठी बोर्दोच्या वाइनींची 1855 मध्ये लावलेली प्रतवारी, तशा वेगळ्या प्रतवाऱ्या आहेत. उलट बोर्दोतल्याच पोमरोल भागातली पेत्रुस ही वाइन जगातल्या सर्वांत महागड्या वाइनींपैकी, आणि तिच्या लेबलवर शातो हा शब्दच नाही. तसं नारायणगावच्या वाइन कंपनीनेही 'शातो इंदाज' असं नाव घेतलं होतंच.