लॉन काढला, रुई ठेवली

माझी धाकटी बहीण गुहागरला दिली आहे. घराच्या मागे वीस पावलांवर वाळू. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेलो, तेव्हा पाहिलं की तिच्या मिस्टरांनी समुद्राच्या बाजूला ना भिंत घातली, ना लॉन. मर्यादवेल पसरू दिली आहे, तिच्यामागे केवडा, त्यामागे उंडी. वेलीचा एक फाटा उचलून पाहिला, तर पेरापेराला मुळं फुटून वाळूत रुतलेली. खारं वारं उंडी अंगावर घेते आणि मागची कलमं वाचतात.

जळगावला आलो आणि माझं अंगण पाहून वाईट वाटलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बोअरला पाणी नाही आणि आम्ही रोज लॉन भिजवतोय. कडेला नर्सरीवाल्याने गळ्यात मारलेले कोनोकार्पस, म्हणजे बाहेरच्या देशातून आलेलं शोभेचं झाड. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे अजून नव्या कॉलन्यांमध्ये रांगा लागताहेत! याचा मला खरोखर राग येतो.

पण म्हणून कोकणातली झाडं इथे आणायची नाहीत. आपल्याकडे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. त्यात तग धरणारी झाडं बांधावर उभीच आहेत. काळी माती असेल तर हिवर, बाभूळ. मुरूम असेल तर अंजन. नाल्याच्या कडेला करंज. कुंपणाला तरवड लावा, ऐन उन्हात पिवळा फुलतो आणि गुरं तोंड लावत नाहीत. पालापाचोळा मात्र जाळू नका, झाडांच्या बुडाशी राहू द्या, ओल टिकते.

मी लॉन उपटला. कंपाउंडच्या कोपऱ्यात रुई आपोआप उगवली, ती ठेवली. आई म्हणाली, "आंगनमा रुई कोन लावस रे?" तिचंही बरोबर होतं, चीक डोळ्यात गेला तर घात. म्हणून नातवंडांना तिकडे जाऊ देत नाही.

श्रावणात आईनेच मला रुईजवळ हाक मारली. पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. केशरी पंखांच्या फुलपाखराची ही अळी रुईच्याच कुळातली झाडं खाते. आता शनिवारी मारुतीच्या माळेसाठी आई पानं तोडते, ती आधी उलटून बघते. अळी दिसली की ते पान तसंच सोडून दुसरी फांदी धरते.