बारा सेकंद आणि त्याआधीचे पाच तास: ‘एक जुना सायकलवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(सही ‘एक जुना सायकलवाला’ अशी आहे आणि पुतण्या तिशीचा म्हणता, म्हणजे काका म्हटलेलं चालून जावं.)

स्प्रिंटरवरच्या (सायकल शर्यतीच्या शेवटच्या झेपेत जिंकणाऱ्यांवरच्या) लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: दोनशे किलोमीटर दुसऱ्यांच्या आडोशाने यायचं आणि शेवटी बारा सेकंद पायडल हाणून हार गळ्यात घालून घ्यायचा, ही कसली मर्दुमकी, असा काकांचा सवाल आहे. मी दिलेला 1250 वॅटचा आकडा पाहून त्यांना हसू आलं, कारण त्यांचा पुतण्या जिममधल्या सायकलवर 1300 काढतो आणि ट्रॅकवरचे लोक तर दोन हजारांच्या वर जातात. शिवाय 1250 गुणिले 12 म्हणजे 15 किलोज्यूल, एवढी ऊर्जा एका बिस्किटात असते, हा टोला. आणि जाता जाता: “खरा सायकलवाला घाटात कळतो. आमच्या मुंबई-पुणे शर्यतीला लोक घाटाच्या राजाचं नाव लक्षात ठेवायचे.”

बिस्किटापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. मी लिहिलं होतं ‘बारा सेकंद 1250 वॅट’. तो आकडा मी पाओलो मेनास्पा आणि सहकाऱ्यांच्या 2015च्या अभ्यासावरून काढला होता. सहा व्यावसायिक स्प्रिंटर, ते पहिल्या पाचांत आलेल्या 17 शर्यती, आणि त्यांच्या सायकलींवरच्या पॉवर मीटरच्या नोंदी. स्प्रिंटमधली कमाल ताकद निघाली सरासरी 17.4 वॅट प्रतिकिलो. 72 किलोच्या माणसाला ते साधारण 1250 पडतं. पण ही कमाल आहे. ती क्षणभर टिकते, मग आकडा उतरायला लागतो. मी शिखरालाच पठार समजून मोकळा झालो. तेव्हा तुमचे 15 किलोज्यूलसुद्धा जास्तच झाले. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतं, ते धरूनही स्प्रिंटचा सगळा खर्च एका ग्लुकोज बिस्किटात भागतो. मान्य. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण हिशेब काढलाच आहे तर पुरा काढू. पाच तासांची स्टेज (अनेक दिवसांच्या शर्यतीतला एक दिवस), सरासरी 200 वॅट धरा. झाले 3600 किलोज्यूल. त्यापुढे पंधरा म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. स्प्रिंटरची दिवसाची मजुरी स्प्रिंटच्या आधीच देऊन झालेली असते. टीव्ही लावून आपण बघतो तो फक्त शेवटचा अर्धा टक्का.

आता पुतण्या. त्याचा 1300चा आकडा मी खोटा म्हणत नाही (जिममधल्या सायकलींचे आकडे उदार असतात, पण ते सोडून देऊ). माझे प्रश्न साधे आहेत. वजन किती? तो 90 किलोचा असेल तर 1300 म्हणजे 14.4 वॅट प्रतिकिलो. किती सेकंद? आणि त्याआधी दिवसभर काय करत होता? ट्रॅकवाल्यांनाही हाच प्रश्न लागू होतो. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॅरी लाव्रेयसेनने 200 मीटर 9.088 सेकंदांत मारले, म्हणजे ताशी 79 किलोमीटरच्या वर. अचाटच आहे ते. पण तो कडेने तिरका उचललेला लाकडी ट्रॅक, ताजे पाय आणि एकटा माणूस. त्याच माणसाला आधी दोनशे किलोमीटर रस्त्यावर चालवा आणि मग विचारा.

शरीरात ताकदीच्या दोन सोयी आहेत असं समजा. एक नळ, एक टाकी. नळ म्हणजे श्वासावर चालणारं इंजिन: धार बारीक, पण दिवसभर सुरू. टाकी म्हणजे स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा आणि ऑक्सिजनवाचून साखर जाळण्याची सोय. टाकीचा कॉक उघडला की धो धो पाणी, पण टाकी लहान. रिकामी झाली की नळाच्या धारेवर पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि वापर धारेपेक्षा कमी असेल तरच ती भरते. पुण्यात राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको.

स्प्रिंट टाकीतून होते. पुतण्याने जिममध्ये पायडल मारलं तेव्हा टाकी काठोकाठ होती. रस्त्यावरच्या स्प्रिंटरची किती असते? त्याच अभ्यासात हे आकडे आहेत, आणि माझ्या मते 17.4 पेक्षा तेच जास्त मोलाचे आहेत. शेवटच्या दहा मिनिटांत सरासरी 316 वॅट, वेग ताशी 50.5 किलोमीटर. स्प्रिंट सुरू होण्याआधीच्या एका मिनिटात 487 वॅट, ताशी 55.4 किलोमीटर, पायडलचे मिनिटाला 102 फेरे. आणि ही सरासरी आहे. वळण आलं की ब्रेक, वळण सुटलं की उसळी, कुणी खांदा लावला की पुन्हा उसळी. शेवटच्या पाच मिनिटांत अशा छोट्या, जोरकस उसळ्या त्याआधीच्या पाच मिनिटांपेक्षा स्पष्टपणे वाढलेल्या दिसतात. दर उसळीला टाकीतून एक बादली जाते. ज्याचा नळ बारीक, त्याची टाकी शेवटच्या 200 मीटरच्या पाटीपर्यंत कोरडी पडलेली असते. मग प्रयोगशाळेत तो 1600 का काढत असेना.

आपल्याकडच्या हौशी सायकलस्वाराने 487 वॅट एक मिनिट धरून दाखवावेत. मी धरले आहेत, काका. मिनिट संपल्यावर मी सायकल भिंतीला टेकवून जमिनीवर बसलो होतो. त्यांची त्या मिनिटानंतर शर्यत सुरू होते.

आणि ते 1250 वॅट पायाला कसे लागतात? मिनिटाला 110 फेरे आणि 172.5 मिलिमीटरचा क्रँक (पायडलचा दांडा) धरला तर पायडलवर सरासरी 64 किलोचा भार येतो. पाय खाली जाताना, क्रँक आडवा असतो त्या क्षणी, त्याहून पुष्कळ जास्त. एका पायाच्या वाट्याला प्रत्येक फेऱ्यात पाव सेकंदाहून जरासा जास्त वेळ येतो. तेवढ्यात दाबायचं, सोडायचं, दुसऱ्या पायाच्या वाटेतून बाजूला व्हायचं. उजवा पाय दाबतो तेव्हा उजवा हात हँडल वर ओढतो, नाहीतर तोच दाब माणसाला सीटवरून वर उचलेल. सायकल या बाजूला, त्या बाजूला कलते ती याच ओढाताणीने. शेजारी वीतभर अंतरावर दुसऱ्याचं हँडल, आणि वेग ताशी पासष्टच्या घरात.

आडोशाचा तुमचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही, उलट वाढवून देतो. बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास करून 2018मध्ये दाखवलं की घोळक्याच्या पोटात बसलेल्याला एकट्याच्या मानाने फक्त 5 ते 10 टक्के वारा लागतो. म्हणजे तुम्ही म्हणता त्याहूनही आरामात प्रवास होतो. पण पोटात बसून कुणी स्प्रिंट जिंकत नाही. शेवटच्या काही किलोमीटरांत पुढच्या दहा-पंधरांत असावं लागतं, आणि तिथे जागा कुणी देत नाही, ती घ्यावी लागते. मेनास्पांचाच 2013चा आणखी एक अभ्यास आहे, 2008 ते 2011 मधल्या जगातल्या अव्वल स्प्रिंटरवर. कोण ते ओळखणं अवघड नाही: ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश. मोठ्या तीन टूरमधल्या (फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती) 52 स्प्रिंट स्टेज. 30 जिंकल्या, 15 हरल्या, 6 वेळा तो पुढच्या घोळक्यात उरलाच नव्हता, एकदा पडला. जिंकलेल्या आणि हरलेल्या दिवशी स्प्रिंट किती सेकंदांची झाली यात म्हणण्यासारखा फरक नाही. फरक होता तो 60, 30 आणि 15 सेकंद उरलेले असताना तो कितव्या जागी होता आणि सोबत संघातले किती गडी होते यात.

म्हणूनच मला कॅव्हेंडिश आवडतो. उंची 175 सेंटिमीटर, वजन सत्तरच्या आसपास. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत आपण कधी चमकलो नाही, हे तो स्वतःच सांगत आलाय. आंद्रे ग्रायपेल त्याच्याहून दांडगा, टोपणनावच ‘गोरिला’. कागदावर ग्रायपेलने त्याला चिरडायला हवं होतं. टूर द फ्रान्समधल्या स्टेज मोजा: ग्रायपेल 11, कॅव्हेंडिश 35. कारणांपैकी मोठं कारण वारा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी 60 वरून 66 वर जायचं, म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा, तर ताकद एक तृतीयांश वाढवावी लागते. तेवढे वॅट आणायचे कुठून? त्यापेक्षा हवेपुढे कमी अंग धरणं स्वस्त. कॅव्हेंडिश हँडलवर वाकून नाक जवळजवळ पुढच्या चाकाशी न्यायचा. ऑस्ट्रेलियाचा स्प्रिंटर केलेब यूअन तर त्याहून खाली.

2024च्या टूरमध्ये तो 39 वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी, फ्लोरेन्स ते रिमिनी, उन्हाने त्याला उलट्या झाल्या, संघातल्या पोरांनी सांभाळून वेळेच्या मर्यादेत आणला. चार दिवसांनी, 3 जुलैला, साँ-व्युल्बाला तो एकाच्या मागून निघून दुसऱ्याच्या मागे, तिथून तिसरीकडे असा फटी शोधत पुढे आला आणि एडी मर्क्सचा 34 स्टेजचा विक्रम मोडला. दुसरा आलेला यास्पर फिलिपसन तेरा वर्षांनी लहान.

किती बारीक अंतराने या गोष्टी ठरतात याचं माझं आवडतं उदाहरण 2017च्या टूरचं. त्रुआ ते न्वी-साँ-जॉर्ज, 213.5 किलोमीटर. मार्सेल किटेलने एडवाल्ड बोआसॉन हागेनला 6 मिलिमीटरने हरवलं. पेन्सिलीच्या जाडीएवढं अंतर.

राहिला घाट. घाटाच्या राजाबद्दल मला आदरच आहे, आणि बोरघाटात मी आजवर कुणाचाही राजा झालेलो नाही. पण स्प्रिंटरला घाट चुकत नाही हो. त्याच 52 स्टेजच्या अभ्यासात कॅव्हेंडिश ज्या सहा दिवशी मागे पडला, त्या दिवशी रस्त्याचा एकूण चढ सरासरी 1089 मीटर होता. जिंकलेल्या दिवशी 574. आणि टूरमध्ये आल्प्स-पिरेनीजचे दिवसही तेच पाय, तेच भारी अंग घेऊन, विजेत्याच्या वेळेवरून ठरलेल्या मर्यादेच्या आत पुरे करावे लागतात. नाही जमलं तर घरी. 2018मध्ये ला रोझिएरच्या चढावर कॅव्हेंडिश आणि किटेल दोघेही मर्यादेबाहेर गेले. शर्यत कधीच संपली होती, तरी कॅव्हेंडिश सायकल चालवत वर आला, तासाभराहून जास्त उशिरा. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएजच्या वाटेवर ग्रायपेल, ग्रोएनेवेगन आणि गाविरिया यांनी शर्यत सोडली. दोन दिवसांत पाच स्प्रिंटर गेले, एकाही स्प्रिंटविना. डोंगर चढणाऱ्याला सपाटीवर कुणी बाद करत नाही. तो पोटात बसून येतो. आता सांगा, आडोशाला कोण बसतं?

माझा स्वतःचा आकडा सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर), सकाळी चहा घेऊन ताज्या पायांनी, माझी पाच सेकंदांची सरासरी 940 वॅट आहे. आमचा रविवारचा कंपू परतीच्या वाटेवर एका बंद टोलनाक्यापर्यंत स्प्रिंट मारतो. 110 किलोमीटर आणि एक घाट पायात असतो. तिथला माझा सगळ्यात चांगला आकडा 655. आणि त्या दिवशी मी चौथा आलो. पहिला आला तो पन्नाशीचा एक बँकवाला. घरच्या ट्रेनरवर त्याला 800च्या वर जाताना कुणी पाहिलेलं नाही.

तेव्हा पुतण्याला एक प्रयोग सांगा. आज ताज्या पायांनी बारा सेकंद, पण शिखराचा आकडा नको, सरासरी लिहून ठेवायची. पुढच्या रविवारी तीन तास सायकल, शेवटची दहा मिनिटं बोलता येणार नाही इतक्या जोरात, आणि न थांबता पुन्हा बारा सेकंद. दोन्ही आकडे आणि वजन इथेच खाली टाका. 17 वॅट प्रतिकिलोच्या जवळ आला तर मी त्याला टोलनाक्याला बोलावतो, चहा माझ्याकडून.

आणि काका, मुंबई-पुण्याला तुम्ही कोणत्या सालच्या शर्यतीत होतात, आणि घाटात मागच्या चाकाला किती दात्यांचं चक्र लावलं होतं, ते लिहायचं राहिलं आहे.