‘झाडू आणि फोटो’ प्रतिक्रियेला उत्तर

‘रांगडा कोल्हापूरकर’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या वाचकांस,

कॉलेजच्या पोरांना गावात नेऊन नागरिकत्व शिकवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, ‘क्रेडिटचं आमिष दाखवायचं, हातात झाडू देऊन फोटो काढायचे, यालाच नागरिकत्व म्हणतात होय “सर”? आठ दिवसांनी गाव आहे तिथंच. गावाला कधी विचारलंत का?’

‘सर’ला अवतरणचिन्हं लावायची गरज नव्हती. पेठेतल्या कट्ट्यावरसुद्धा वाद घालताना माणसं एवढा मान ठेवतात.

आता झाडू. तो येतो कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातनं. ही योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, ही तिची चौकट. शिबिराच्या फोटोंत बॅनर आणि झाडूच जास्त दिसतात, हे मान्य. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात आलेला समाजसहभाग प्रकल्प वेगळा, हे लेखात होतं. तिथवर तुम्ही वाचलं नसावं. आमची पोरं कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडी या पूरग्रस्त गावांत दारोदार जाऊन २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर चढलं ते विचारतात, भिंतीवरच्या खुणा मोजतात. कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; तिथं ४३ फूट म्हणजे धोका पातळी. पण त्याआधीच कुठली वाट बंद होते, म्हाताऱ्यांना कोण बाहेर काढतं, हे लिहून घेतात. ग्रामसभेत मागं बसून ठराव कसा होतो, बायकांना बोलू देतात का, तेही टिपतात. मतदार यादीत नाव आहे पण ग्रामसभा कधी पाहिली नाही, अशीच पोरं माझ्याकडं येतात. यात झाडू कुठं दिसला तुम्हाला?

आणि आमिष? अकाउंट्सच्या विषयालाही क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक, असतात. त्याला कुणी आमिष म्हटल्याचं ऐकलं नाही.

मी शिरोळ तालुक्यातला. २००५ ला घरात पाणी शिरलं तेव्हा आमची भांडीकुंडी, धान्याची पोती बाहेर काढायला कॉलेजचीच पोरं आली होती. पुढं शिबिरात मीही पाट्या उचलल्या, हाताला फोड आले. मला श्रमदान कुणी शिकवू नये. तुम्ही कधी खोरं धरलंय का, हे मी विचारत नाही; तेवढी सभ्यता अजून शिल्लक आहे.

आठ दिवसांत गाव बदलेल, असं मी लिहिलेलंच नाही. गावाला विचारण्याचं म्हणाल, तर तो त्या लेखाचा विषय नव्हता. त्यावर सवडीनं लिहीन. तोवर प्रतिक्रिया खऱ्या नावानं द्या, म्हणजे उत्तर कुणाला देतोय ते तरी कळेल.