पंधरवड्यातून एकदा सुरू होणारी गाडी

परवा रविवारी सकाळी साडेसातला एका क्लायंटचा फोन आला. "सीए, येताय का? आज सुरू करायचीय." दर पंधरा दिवसांनी येतो तसाच. मी लगेच निघालो. एक तर मला हे बघायला आवडतं, आणि दुसरं म्हणजे घरी माळा आवरायचा बेत शिजत होता.

क्लायंटचं भोसरीत प्रेस शॉप आहे. मोटारींचे पत्र्याचे पार्ट काढून चाकणच्या कंपन्यांना देतो. बोट क्लब रोडवर त्याच्या बिल्डिंगच्या तळघरात, कोपऱ्यातल्या खांबाला लागून, त्याची पोर्शे ९११ उभी असते. (२०२४ च्या अपघातापासून पुण्यात 'पोर्शे' म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते. पडायलाच हवी. पण ही बापडी तळघराबाहेरच पडत नाही.) अंगावर मऊ कापडाचं कव्हर, बॅटरीला लावलेल्या चार्जरची वायर, टायर बसू नयेत म्हणून हवा थोडी जास्त. मीटरवर ६,४१२ किलोमीटर. गेल्या दिवाळीतही ६,४१२च होते.

त्याने कव्हर काढलं. दोन्ही हातांनी, सोवळ्यातला नैवेद्य उचलावा तसं. मग किल्ली फिरवली. तो आवाज लिहून दाखवता येत नाही, पण शेजारच्या पार्किंगमधल्या रिकाम्या पत्र्याच्या कपाटाची दारं थरथरत होती एवढं सांगतो. दहा मिनिटं इंजिन चाललं. मग बंद. गरम धातू आकसताना टक्-टक् करत राहिला आणि हा पिवळ्या फडक्याने सायलेन्सरच्या तोंडाची काजळी पुसत बसला.

"एकदा लोणावळ्यापर्यंत तरी न्या की," मी म्हटलं.

"वेडे का हो? एकेका किलोमीटरला भाव उतरतो."

इथे माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते आज लिहून टाकतो. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी सत्तावीस वर्षं मोटारींवर घसारा लावण्यात गेली. दरसाल पंधरा टक्के, उरलेल्या किमतीवर. गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत पडली, हे आम्हा लोकांना पसायदानासारखं पाठ. आणि इथे एक अख्खा बाजार आहे जिथे गाडी उभ्या उभ्या महाग होते. थोडीथोडकी नाही. फेरारीची २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी घ्या. १९६२ ते १९६४ या काळात ३६ बनल्या. अमेरिकेत नवी गाडी १८ हजार डॉलरच्या आसपास मिळायची. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला दुसरी ५ कोटी १७ लाखांना, म्हणजे सव्वाचारशे कोटी रुपयांच्या वर. आणि २०२२ मध्ये मर्सिडीजने स्वतःच्या म्युझियममध्ये गुपचूप लिलाव करून १९५५ ची ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोला विकली. अकराशे कोटी रुपये! जगात तशा दोनच गाड्या. ते पैसे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी बाजूला काढले, ही त्यातली बरी गोष्ट.

आता ऐका. त्या ३६ जीटीओंपैकी एक, शर्यतीतून निवृत्त झाल्यावर, मालकाने टेक्सासमधल्या एका हायस्कूलला देऊन टाकली होती. पोरांना मेकॅनिकचं काम शिकायला! औंधच्या आयटीआयमध्ये जुनं इंजिन उघडायला ठेवतात ना, तशी. १९७२ मध्ये शाळेने ती साडेसहा हजार डॉलरला विकली, आणि घेणाऱ्याने पुढची बरीच वर्षं ती एका ट्रेलरवर, उघड्यावर, पावसापाण्यात ठेवली. म्हणजे ही वस्तू पहिल्यापासून सोन्याची नव्हती. शर्यत संपलेली गाडी ही उसाच्या चिपाडासारखी. ती सोन्याची झाली माणसांमुळे.

कोणती माणसं? माझ्या वयाची! सातवी-आठवीत माझ्या भूगोलाच्या वहीवर खाकी कव्हरच्या आत लाल फेरारी एफ-४० चं कात्रण चिकटवलेलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली ट्रम्प कार्डं मधल्या सुट्टीत खेळायचो, 'टॉप स्पीड' म्हटलं की समोरचा गार. तशी कात्रणं जगभरच्या पोरांनी चिकटवली होती. त्यातली काही पोरं पुढे भरपूर कमावती झाली, आता पन्नाशीत आहेत, आणि बालपण परत विकत घ्यायला निघाली आहेत. म्हणून दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पितळी दिव्यांच्या गाड्यांना पूर्वीइतका उठाव नाही आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या पेटल्या आहेत. अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की तिथल्या नियमांतून सुटते, आयात करता येते. १९९९ ची निसान स्कायलाइन आर-३४ त्या हिशेबाने २०२४ मध्ये मोकळी झाली, पण लोकांनी ती कॅलेंडर बघून कितीतरी आधीच जपानात घेऊन ठेवली होती. बाणेरला रिंग रोड येणार म्हणून आधीच प्लॉट घेणारे आपल्याकडे कमी आहेत का?

दुसरं कारण म्हणजे 'हे आता पुन्हा होणे नाही' ही हुरहूर. हाताने टाकायचा गिअर, टर्बो नसलेलं उंच स्वरात गाणारं इंजिन, या गोष्टी बॅटरीच्या जमान्यात संपत चालल्या. तशाच इंजिनाची लेक्सस एलएफए ही गाडी ५०० बनवली. पावणेचार लाख डॉलर किंमत ऐकून लोक हसले, काही गाड्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं पडून राहिल्या. आज त्याच गाडीला दुपटी-तिपटीचे भाव.

आणि तिसरं, कंपन्यांची स्वतःची चलाखी. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर काढली, मोजून ९९१. किंमत १ लाख ८५ हजार डॉलरच्या आसपास. यादीत नाव लागलेल्यांनी ती घेतली, आणि त्यातल्या काहींनी दहा-दहा लाख डॉलर मागत पुन्हा विकायला काढली. ताबा मिळायच्या आधी हिंजवडीचा फ्लॅट विकून मोकळे होणारे माझेही क्लायंट आहेत, त्यामुळे मला ही जात ओळखू येते. मग पोर्शेने पुढच्याच वर्षी जवळपास तशीच जीटी-थ्री टूरिंग बाजारात आणली, संख्येची मर्यादा न घालता, आणि ९११ आर चा फुगा बराच खाली बसला. मला फार आनंद झाला होता. माझा एक पैसाही त्यात नसताना.

फुगा बसतो हे लोक विसरतात. एन्झो फेरारी १४ ऑगस्ट १९८८ ला गेले. त्याच सुमारास जपानात पैशाला पूर आलेला. फेरारी म्हटलं की डोळे मिटून बोली. जीटीओ एक कोटी डॉलरच्या पुढे गेली. मग जपानचा बाजार कोसळला आणि चार-पाच वर्षांत त्याच गाड्या तिसऱ्या हिश्शावर आल्या. ज्यांनी कर्ज काढून घेतल्या होत्या, त्यांचं काय झालं असेल ते मी रोज वेगवेगळ्या धंद्यात बघतो.

आपल्याकडे हा बाजार उथळच आहे, कारण बाहेरून गाडी आणायची तर गाडीपेक्षा कर मोठा. २००२ मध्ये सचिनला भेट मिळालेली फेरारी आठवा. एक कोटी तेरा लाखांचा आयात कर माफ झाला म्हणून देशभर गहजब, प्रकरण कोर्टात, आणि शेवटी कर फेरारीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, फियाटने, भरला. एक गंमत मात्र सांगतो. आयकर कायद्यात स्वतःच्या वापराची मोटार ही 'वैयक्तिक वापराची वस्तू', म्हणजे ती नफ्यात विकली तरी भांडवली नफ्याचा कर नाही. पण कलाकृती त्या सवलतीत बसत नाही. आणि २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या कोर्टाने २५० जीटीओ ही कलाकृती आहे असा निकाल दिला! आपल्याकडे कुणाच्या गोठ्यात जीटीओ निघाली तर त्याच्या सीएची काय तारांबळ उडेल. (हा सल्ला नाही. फी भरलेली नाहीत तुम्ही.)

मला खुपतं ते वेगळंच. भाव चढला की मालकाचा राखणदार होतो.

माझ्या आईची एक पैठणी होती. जांभळी, मोराच्या पदराची. 'चांगल्या कार्याला नेसेन' म्हणत तिने ती तीसेक वर्षं मलमलीत गुंडाळून ठेवली. माझ्या मुंजीला नाही, ताईच्या लग्नालाही नाही, तिथे हळदीचे हात लागतील म्हणून. शेवटी ताईच्या मुलीच्या बारशाला उलगडली, तर प्रत्येक घडीवर रेशीम विरलेलं. नेसली असती तर इतकी फाटली नसती. आई काही बोलली नाही, तशीच घडी घालून पुन्हा ठेवली.

गाडीचंही तेच. आमचा शनिवार पेठेतला फिटर सांगतो, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. रबराची सीलं सुकतात, पेट्रोलचा चिकटा धरतो. आणि दहा मिनिटं सुरू करून बंद करणं तर त्याहून वाईट. ऑइल पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही, सायलेन्सर आतून गंजतो. हे मी क्लायंटला सांगितलं. म्हणाला, "माहितीय. पण मीटर तर वाढत नाही ना?"

आणि ज्यांच्यामुळे या गाड्यांना नाव मिळालं त्यांनी काय केलं? ती अकराशे कोटींची मर्सिडीज घडवणारा इंजिनिअर रुडॉल्फ उलेनहाउट ती ऑफिसची गाडी म्हणून रस्त्यावर फिरवायचा. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने १९७७ मध्ये जीटीओ घेतली आणि नंतरही ती शर्यतींत पळवली. ठोकली गेली तर दुरुस्त करता येते, असा साधा विचार.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, 'त्याचे पैसे, त्याची गाडी, तुमच्या का पोटात दुखतंय?' बरोबर आहे. शिवाय भाव चढले म्हणून कितीतरी गाड्या भंगारातून वाचल्या, हेही खरं. माझं दुखणं थोडं वैयक्तिक आहे. १९९३ ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल मी २००४ मध्ये नऊ हजारांना विकली. मुलगा झाला होता, पेट्रोलची टाकी धरून बसवायला तो लहान होता, वगैरे. परवा नाना पेठेत क्लच प्लेट घ्यायला गेलो तेव्हा तिथे तशीच काळी एक उभी होती. मालक पंचविशीचा. "देणार का?" विचारलं तर म्हणाला, "काका, दीड लाखाला मागून गेलेत. अजून चढेल." चालवतोस का, विचारलं. "नाय, घरीच असते. आज पासिंगच्या कामाला काढली."

तर रविवारी पुन्हा कव्हर चढलं, चार्जरची वायर लागली, आणि आम्ही त्याच्या इनोव्हातून नारायण पेठेत मिसळ खायला गेलो. मीटरवर २ लाख ३८ हजार. अप्पा बळवंत चौकात एक स्कूटरवाला उजव्या बाजूने घासत गेला, चांगला वीतभर ओरखडा. मी काच खाली करून मान बाहेर काढली.

"जाऊ द्या हो," तो म्हणाला, "आधी जागा बघा कुठे मिळतेय."