पॅरिसमध्ये पाऊस, तरी कार्यक्रम तोच!

पॅरिसच्या सहलींचं हे दरवेळचंच आहे. सकाळपासून पाऊस कोसळतोय, आयफेल टॉवरचं टोक ढगात गडप, तरी टूर मॅनेजर म्हणणार, “कार्यक्रमात लिहिलंय ना, मग वर जायचंच.” ३३० मीटर उंच टॉवर! पण त्या धुक्यात वरून दिसणार काय? सत्तरीची माणसं रांगेत भिजत, कुडकुडत उभी, आणि त्यांच्यासाठी साधा आडोसा शोधावा असं कुणाला वाटत नाही.

अहो, पावसात बघायला या शहरात काय कमी आहे का? गॅलरी विविएन आहे, म्हणजे छपराखालची दुकानांची जुनी गल्ली, १८२३ सालची. काचेचं छप्पर, सुंदर मोझेइकची फरशी, आणि तिकीटसुद्धा नाही. जुन्या रेल्वे स्टेशनातलं ओर्से संग्रहालय आहे, मोने आणि व्हॅन गॉग यांची चित्रं डोळे भरून बघा. (ते सोमवारी बंद, लूव्र संग्रहालय मंगळवारी, एवढं सांभाळायचं.) पण नाही! संग्रहालय घाईघाईत उरकायचं आणि पावसात उतरवून फोटो मात्र काढायला लावायचे.

लोक आयुष्यभराची पुंजी मोडून येतात हो. तिकिटं आधी काढलेली असतात, मान्य. पण पावसाचा अंदाज आदल्या रात्री मोबाईलवर दिसतो, मग निदान बाहेरचं फिरणं तरी दुसऱ्या दिवशी ढकला ना!