खून, भुते आणि परग्रहवासी वाचणाऱ्याने घरात कसे वागावे

सर्वप्रथम एक गोष्ट मान्य करावी. तुम्ही वाचता याबद्दल घरात कोणाचीही तक्रार नाही. वाचनाची आवड चांगलीच, असे सगळे एकमुखाने सांगतात, आणि लहानपणी तुम्ही पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलात की आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने तिकडे बोट दाखवण्यात याच मंडळींचा पुढाकार असे. पुढे एवढेच झाले की तुम्ही मोठे झालात, कोपरा तोच राहिला आणि हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रक्ताळलेला सुरा, अर्धवट उघडे दार किंवा तीन डोळ्यांचा हिरवा प्राणी दिसू लागला. तेव्हापासून पाहुणे आले की पुस्तक उशीखाली जाते. पुढील सूचना अशा वाचकांसाठी आहेत. चिंतनपर लेखसंग्रह आणि यशाची सूत्रे वाचणाऱ्यांना त्यांची गरज नाही, कारण ते काय वाचतात हे त्यांना कोणी विचारण्याची वेळच येत नाही. ते स्वतःहून सांगतात.

आरंभ वडिलांपासून करणे योग्य, कारण मूळ प्रश्न त्यांचाच आहे. वडील वर्तमानपत्र हातात पेन्सिल घेऊन वाचतात. अग्रलेखातली व्याकरणाची चूक, बातमीतली न जुळणारी बेरीज, एकाच मजकुरात दोन ठिकाणी निरनिराळे छापलेले एकाच माणसाचे वय, अशा जागी ते समासात बारीकशी फुली करतात आणि तिच्याखाली एखादाच शब्द लिहितात. त्या फुल्या ते कोणाला दाखवत नाहीत. वर्तमानपत्र यथाकाल रद्दीत जाते. असा माणूस तुमची रहस्यकथा दोन बोटांनी उचलतो, मलपृष्ठ वाचतो, चष्म्यावरून तुमच्याकडे पाहतो आणि विचारतो, ‘‘यातून काय मिळतं?’’

या प्रश्नाला ‘आनंद’ असे उत्तर कदापि देऊ नये. आनंद हे कारण सामना पाहायला चालते, दुपारी झोपायला चालते, शेजाऱ्यांच्या भानगडी ऐकायला तर चालतेच चालते; छापील पानातून मात्र माणसाला काहीतरी ‘मिळायलाच’ हवे, आणि तेही पुढे उपयोगी पडणारे. थोरामोठ्यांचे दाखले देण्याचा मोह इथे अनेकांना होतो. लुडविग विट्गेन्श्टाइन हे विसाव्या शतकातले केवढे मोठे तत्त्वज्ञ, पण अमेरिकेतला त्यांचा एक मित्र त्यांना गुप्तहेरकथांची स्वस्त मासिके टपालाने पाठवत असे आणि तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकापेक्षा त्यांना ती अधिक पसंत असत, ही हकिकत तुम्ही मोठ्या उत्साहाने सांगाल. वडील शांतपणे ऐकून घेतील आणि म्हणतील, ‘‘ते आधी तत्त्वज्ञ झाले आणि मग असलं वाचायला लागले. तू क्रम चुकवलास.’’ (हे संभाषण कल्पनेने रचलेले नाही.)

आईचा आक्षेप सौम्य असतो. भयकथा वाचू नकोस, रात्री दिवा चालू ठेवून झोपावे लागेल, एवढेच तिचे म्हणणे, आणि तसे झोपावे लागते हे खरे असल्यामुळे त्यावर सांगण्यासारखा उपाय नाही.

जोडीदाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण वडिलांना तुमच्या भवितव्याची काळजी असते, तर जोडीदाराला स्वतःच्या. सलग सहा कादंबऱ्यांत नवऱ्याने बायकोचा किंवा बायकोने नवऱ्याचा काटा काढलेला असेल, आणि सहावीच्या मध्यावर तुम्ही मान वर करून, कसलाही संदर्भ न देता, ‘‘आर्सेनिकला चव नसते म्हणे,’’ असे उद्गारलात, तर समोरच्या कपातला चहा तसाच राहिला म्हणून रुसण्याचा अधिकार तुम्हाला उरत नाही. अशा वेळी खुलासे करत बसू नये. खुलाशाने संशय वाढतो, हे तर तुम्ही ज्या शैलीचे वाचक आहात तिचेच पहिले तत्त्व. अगाथा ख्रिस्ती यांना विषांची एवढी अचूक माहिती होती ती पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रुग्णालयाच्या औषधालयात काम केले म्हणून, असे सांगून पाहिल्यास, ‘‘त्यांना नोकरीसाठी लागत होती. तुला कशासाठी लागते?’’ असे उत्तर येते. आणि याच लेखिका १९२६च्या डिसेंबरात, नवऱ्याने घटस्फोट मागितल्यानंतर, अकरा दिवस बेपत्ता होत्या व अखेर एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने उतरलेल्या सापडल्या, ही माहिती कितीही रंजक असली तरी भांडण चालू असताना देऊ नये.

प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. खुनाच्या पुस्तकाने जोडीदार घाबरतो, प्रेमाच्या पुस्तकाने दुखावतो. तीनशे पानांच्या कादंबरीत जो नायक पावसात भिजत उभा राहतो, पत्रे लिहितो आणि नायिकेच्या मनातले ती बोलण्याआधी ओळखतो, त्याच्याविषयी एखाद्या रात्री शेजारून प्रश्न येतो, ‘‘याला कामधंदा नाही का?’’ प्रश्न रास्त आहे. बहुतेक अशा नायकांची संपत्ती वडिलोपार्जित असते आणि कादंबरीभर त्यांना एकदाही वीजबिल भरावे लागत नाही. हे मोकळेपणाने कबूल करावे, नायकाची यथेच्छ निंदा करावी, आणि दिवा मालवल्यानंतर उरलेले प्रकरण फोनच्या उजेडात पूर्ण करावे.

कचेरीत मुख्य नियम असा की पुस्तक दिसता कामा नये. मधल्या सुट्टीत तुम्ही एकटेच मोबाइलवर तासभर अंगठा फिरवत बसलात तर कोणी चकार शब्द काढत नाही, पण त्याच वेळात अंतराळयानाचे चित्र असलेले पुस्तक उघडलेत की टेबलाभोवती लोक थांबू लागतात. पहाटे पाच वाजता उठून आयुष्य कसे बदलावे हे सांगणारे पुस्तक गेले चार महिने टेबलावर, सव्विसाव्या पानाशी वाचनखूण ठेवून, प्रदर्शनास मांडणारा सहकारी तुम्हाला मायेने सांगतो, ‘‘मीही कॉलेजात असताना गोष्टी वाचायचो.’’ ‘गोष्टी’ हा शब्द तो अशा स्वरात उच्चारतो की त्याने अंगठा चोखणे सोडल्याची तारीखही आता सांगणार, असे वाटावे. दुसऱ्याने तुमच्या पुस्तकावरचा सिनेमा पाहिलेला असतो आणि खुनी कोण हे सांगितल्यावाचून त्याला जेवण जात नाही. वरिष्ठांची समजूत तर याहून वेगळी. विज्ञानकथा वाचणाऱ्यास विज्ञान येत असणार, या तर्काने ते तुम्हाला बोलावून घेतात आणि अडकलेल्या प्रिंटरकडे बोट दाखवतात. प्रिंटर दुरुस्त करावा. त्याने शैलीची प्रतिष्ठा वाढते.

मुखपृष्ठ लपवण्यात कमीपणा मानू नये, कारण प्रकाशकांनीही ते केलेले आहे. हॅरी पॉटरची पुस्तके मोठी माणसेही वाचतात पण चारचौघांत ती हातात धरायला संकोचतात, हे ओळखून ब्रिटिश प्रकाशकाने १९९८मध्ये पहिल्याच भागाची प्रौढांसाठी निराळी आवृत्ती काढली. आतले एक अक्षरही बदलले नव्हते. बाहेर रंगीत चित्राऐवजी आगगाडीचे काळेपांढरे छायाचित्र होते. तेवढ्याने जादूटोण्याच्या शाळेची गोष्ट गंभीर दिसू लागली. तुम्हीही खाकी कागदाचे वेष्टन घालावे आणि त्यावर सुवाच्य अक्षरांत ‘वस्तू व सेवा कर : काही विचार’ असे लिहावे. तुमच्याजवळ कोणीही फिरकणार नाही.

यापुढे येतो साहित्यिक मित्र, आणि त्याच्यासाठी मात्र थोडी तयारी लागते. हा मनुष्य तुमच्या वाचनाला नावे ठेवत नाही. त्याला ते ‘हलकेफुलके’ वाटते. आशयघन, बहुपेडी आणि अस्तित्वलक्ष्यी हे तीन शब्द त्याच्या जिभेवर असतात आणि त्यातला एकही तुमच्या शेल्फला लागू पडत नाही. एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकालाही रहस्यकथांचा असाच तिटकारा होता, परंतु त्याने निदान त्या वाचल्या. १९४४मध्ये त्याने त्यांच्याविरुद्ध लेख लिहिला, चिडलेल्या वाचकांनी पत्रांतून ‘तुम्ही चुकीच्या वाचल्यात, या वाचून पाहा’ असे कळवले, तेव्हा तो आणखी वाचून १९४५मध्ये दुसरा, अधिकच कडू लेख लिहिता झाला. तुमच्या मित्राने एवढे कष्ट घेतलेले नाहीत. त्याचे मत न वाचताच पक्के झालेले असल्याने ते बदलण्याचा संभव नाही.

त्याच्यापुढे वाद घालू नये, फक्त नामांतर करावे. अवयव काढून घेण्यासाठी वाढवलेल्या क्लोन मुलांची कादंबरी तुम्ही वाचत आहात असे सांगितलेत तर तो जांभई देईल. काझुओ इशिगुरो यांची २००५ची कादंबरी वाचतो आहोत म्हणालात तर खुर्ची पुढे ओढेल. वस्तुतः पुस्तक एकच आहे, पण त्याच्या लेखकाला २०१७मध्ये नोबेल मिळाले, आणि नोबेल मिळालेल्या पुस्तकात क्लोन नसतात, ‘मर्त्यतेचे रूपक’ असते. भुताला ‘दमित स्मृती’, खुनाला ‘नैतिक पेच’ आणि परग्रहवासीयाला ‘परात्मता’ म्हणावे. पंधरा दिवसांच्या सरावाने जमते.

नाव लपवण्याची परंपरा लेखकांच्या बाजूनेही जुनीच आहे. मेरी शेली यांची पहिली कादंबरी, जिला पुष्कळ जाणकार विज्ञानकथेचा आरंभ मानतात, ती १८१८मध्ये निनावी छापली गेली. इंग्लंडचे राजकवी झालेले सेसिल डे-लुइस खुनाच्या कादंबऱ्या निकोलस ब्लेक या नावाने लिहीत, आणि पहिली लिहिण्याचे कारण घराचे गळके छप्पर हे होते. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने विज्ञानकथा पाठवली आणि पारितोषिक पटकावले. शास्त्रज्ञ म्हणून झालेल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा त्यांचा हेतू. तुमचा हेतू इतका उदात्त नाही, कारण तुमच्या नावाला कसलेच वजन नाही. पण तेच नारळीकर २०२१च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे साहित्यिक मित्राला विसरू देऊ नये. तो ‘‘त्यांची गोष्ट वेगळी’’ असे म्हणेल. अध्यक्ष झाल्यावर गोष्ट नेहमीच वेगळी होते.

रात्रीच्या वेळी मात्र अत्यंत संयम बाळगावा लागतो. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे, १९२९मध्ये या प्रकारच्या लेखनासाठी दहा नियम सांगितले. अलौकिक शक्तींचा आधार घेऊ नये, एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारे नसावीत, आणि वाचकाला आधी कल्पना दिल्याखेरीज जुळी भावंडे आणू नयेत, हे त्यांपैकी काही. हे सगळे नियम तुमच्या दिवाणखान्यात रोज रात्री मालिकेच्या एकाच भागात मोडले जातात. दरीत कोसळून मेलेला थोरला मुलगा नवा चेहरा घेऊन परत येतो, मागोमाग त्याचा कधीही न ऐकलेला जुळा येतो, आणि ज्या माउलीने सकाळी ‘‘असलं अद्भुत वाचून डोकं फिरतं’’ असे सांगितले, तीच पदराने डोळे टिपते. वडील वर्तमानपत्राआडून पाहतात. या क्षणी नॉक्सचे नाव काढू नये. मी एकदा काढले होते. उरलेला आठवडा घरात माझ्याशी फक्त कामापुरते बोलले गेले.

शेवटी, पुस्तक घरात कुठेही विसरून जावे, पण परत हातात घेतल्यावर समास तपासून पाहावा. समजा, रविवारी तुम्ही ते आरामखुर्चीत उपडे टाकून बाहेर गेलात. परत आल्यावर ते तसेच उपडे आहे, फक्त थोडे अधिक सरळ. वाचायला घेतल्यावर एकशेबाराव्या पानावर तुम्हाला थांबावे लागते. माळी पोलिसांना सांगतो आहे की रात्रभर पाऊस होता आणि तो बागेतून धावत बंगल्यात आला; आणि या वाक्याशेजारी पेन्सिलीची एक बारीक फुली आहे, तिच्याखाली बारीक अक्षरात एकच शब्द : ‘बूट?’ तुम्ही चाळीस पाने मागे जाता. इन्स्पेक्टरने दाराशी पाहिलेले माळ्याचे बूट कोरडे होते. ते तुमच्या लक्षात आलेले नव्हते.

रबर शोधू नये. वडिलांकडे पाहून हसूही नये. जेवणाच्या वेळी त्यांनी नेहमीप्रमाणे ‘‘यातून काय मिळतं?’’ असे विचारलेच, तर मान खाली घालून ‘‘काही नाही’’ म्हणावे, पुस्तक पुन्हा त्याच आरामखुर्चीत उपडे ठेवावे, आणि काहीतरी काम काढून तासदोन तास घराबाहेर पडावे.