देठाशी दाबून बघा

परवाच्या रविवारी यावल तालुक्यात, बामणोदच्या शिवारात, आम्ही चौघींनी मिळून भरताची वांगी भाजली. पहिली खेप वाया गेली. वरून साल पार कोळसा झालेली, दिसायला सगळं नीट, आणि सोलायला घेतलं तर देठाकडचा भाग कच्चा, बोटाला टणक लागणारा. सोळा वर्षं त्याच शेतात, त्याच बांधावर बसून भरीत खाणाऱ्या आम्ही. चौघींपैकी एकीलाही वांगं भाजता येत नाही हे त्या दिवशी कळलं आणि मला ते फार लागलं. तेव्हापासून मनात घोळतंय ते लिहून काढतेय. लांबेल, पण वेळ काढून वाचा.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातलं भरताचं वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, पांढरट झाक असलेलं, चांगलं थोराड आणि बिया अगदी कमी. २०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीला मिळालं त्याच वर्षी. थंडी पडली की ते चवीला येतं. तुरकाट्यांच्या नाहीतर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळात भाजायचं, गरम असतानाच सोलायचं, आणि मग बडगीत ठेचायचं. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, तिच्याबरोबर लाकडाचीच मुसळी. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, तेलात परतलेले दाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. आमच्याकडे त्यात हळद पडत नाही, टोमॅटो तर नाहीच. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणं म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. केळीचं पान मांडायचं आणि बसायचं.

ठेचणं हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. मोठी बडगी असली की समोरासमोर दोघं बसतात. एकाची मुसळी वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली येते. सुरुवातीला दोघांचा ताल जमत नाही, मुसळ्या एकमेकींवर आपटतात. मग कुणी काही न बोलता तो जमतो. आधी ओला, जड आवाज येतो. गर एकजीव होत गेला की आवाज मऊ होतो, आणि तेवढ्यावरून पलीकडे पात चिरणाऱ्याला कळतं की आता चिरलेलं घेऊन यायची वेळ झाली. मिरचीचा ठसका, काड्यांचा धूर, नाकातून पाणी, आणि तरी कुणी जागचं उठत नाही.

आम्ही चौघी जळगावला शिकताना वसतिगृहात एका खोलीत होतो. एक बामणोदची, एक रावेरकडची, तडवी भिल्ल समाजातली, एक चिपळूणची आणि मी. चिपळूणच्या मैत्रिणीच्या घरी भरीत म्हणजे दही घातलेलं, पांढरं, गोडसर. पहिल्यांदा आमचं भरीत खाल्लं तेव्हा ती दोन पेले मठ्ठा प्यायली आणि पुन्हा पानाकडे वळली. आता तिच्या घरी दोन्ही होतात. बामणोदच्या मैत्रिणीच्या घरी चातुर्मास पाळतात. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच वांगं खायचं. म्हणून आमचा रविवार कायम चंपाषष्ठीनंतरचा. तडवी मैत्रीण उपवास-व्रत पाळत नाही, पण ती तारीख मात्र तिच्याच डोक्यात पक्की असते. कॅलेंडर आलं की पहिला फोन तिचा: चंपाषष्ठी कधी आहे गं?

आणि हे सगळं जमवून आणायचे ते काका, बामणोदच्या मैत्रिणीचे वडील. आम्ही पोचायच्या आत काड्यांचा ढीग लागलेला, वांगी धुऊन पुसून पोत्यावर मांडलेली. काका जाळापाशी उकिडवे बसायचे, हातात एक लांब काठी, आणि वांगी फिरवत राहायचे. बोलणं कमी. आम्ही बाया मात्र घरी, काकूंबरोबर. कळण्याचं पीठ मळायचं, पुऱ्या लाटायच्या, तळायच्या, डबे भरायचे आणि मग शेतात यायचं. तोवर भरीत होत आलेलं असायचं, शेवटची वांगी तेवढी जाळात. शेतातलं भरीत पुरुषांनी करायचं, ही आमच्याकडची पद्धत. त्यात कधी काही खटकलंही नाही, उलट कौतुकच वाटायचं की बघा, आमच्याकडे पुरुषही रांधतात.

काका गेल्या पावसाळ्यात गेले.

मैत्रिणीने फोन करून विचारलं, यंदा करायचं का? मीच म्हणाले, करायचं. काकांच्या आठवणीसाठी तरी करायचं. तिचे भाऊ कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे सगळं आमच्यावर. आमच्याकडे कृती होती. मी स्वतः वहीत लिहून ठेवली होती, दहा वर्षांपूर्वी, काकांना विचारून विचारून. किती वांग्यांना किती मिरच्या, पात कधी घालायची, दाणे अख्खे की अर्धे, सगळं. फोनवर दोन व्हिडिओही पाहिले. आणि तरी पहिली खेप कच्ची निघाली.

शेजारच्या शेतातले एक आजोबा बांधावरून बघत होते. काठी टेकत आले, बसले, एक वांगं जाळातून ओढून घेतलं आणि देठाच्या अगदी खाली अंगठ्याने दाबलं. "पोटाला काय हात लावता? पोट तर लवकर शिजतं. देठाशी दाबून बघा. तिथं बोट रुतलं की काढा." मग त्यांनी वांगी एकावर एक रचलेली होती ती पसरून दिली, देठ जाळाकडे वळवले आणि म्हणाले, "हा असंच करायचा." हा म्हणजे काका.

मी तिथेच उभी राहिले. काका काठीने वांगी फिरवायचे हे मी सोळा वर्षं लांबून पाहिलं होतं. ते मधेच वाकून देठापाशी हात न्यायचे, हेही आता आठवतं. पण ते काय करतायत हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. हाताला माहीत असलेल्या गोष्टी कुणी सांगत नाही. शेजारी बसणाऱ्याला त्या आपोआप मिळतात. आम्हाला शेजारी बसायची सवयच नव्हती, कारण आम्ही घरी पुऱ्या तळत होतो. तिच्या भावांची गत तीच, फक्त उलटी. कळणं दळताना ज्वारीत उडीद किती टाकायचे हे त्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "अंदाजानं." तो अंदाज शिकायला त्यांच्या शेजारी कुणी मुलगा कधी बसला नाही.

आपण वारसा म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पदार्थाबद्दल बोलतो. अस्सल चव कुठली, कुणाच्या समाजाची, कुणी नक्कल केली. त्यावर समाजमाध्यमांवर केवढी भांडणं होतात. भरतावरूनही होतात. वांगं आपल्याच भूमीतलं, पण त्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. म्हणजे आज ज्याला अस्सल म्हणतो तेही कुणीतरी कधीतरी नवीन म्हणून खाल्लंच असेल. त्यामुळे कुणी ढोबळी मिरची घातली तर मला राग येत नाही. माझी काळजी वेगळीच आहे. पदार्थ राहील. पुण्यात हिवाळा आला की खान्देशी भरीत किलोवर मिळतं, आणि त्यातलं काही खरोखर चांगलं असतं. मीही आणते. नोकरी करणाऱ्या बाईला ते आयतं मिळतंय हे चांगलंच आहे, त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण डबा उघडून जेवताना मला कुणाच्या मुसळीशी ताल जमवावा लागत नाही. कुणाची वाट बघावी लागत नाही. ते भरीत एकटीनं खाता येतं. शेतातलं एकट्यादुकट्याला करणंच शक्य नाही. काड्या आणायला कुणी, फिरवायला कुणी, सोलायला चार हात, ठेचायला दोघं.

दक्षिण कोरियातल्या एका प्रथेची युनेस्कोने २०१३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली, ती मला फार पटते. यादीत नाव किमची या पदार्थाचं नाही, किमजांगचं आहे. हिवाळ्याच्या तोंडावर घरचे, नात्यातले, शेजारपाजारचे एकत्र येतात, ढीगभर कोबी खारवतात, मसाला लावतात आणि वाटून घेतात, त्या जमण्याला किमजांग म्हणतात. २०१० साली फ्रेंचांच्या जेवणाची नोंद झाली, तीही एखाद्या पदार्थाची नव्हे, तर सणासमारंभाला एकत्र बसून जेवायच्या पद्धतीची. आपल्या वांग्याला मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, शेतकऱ्याला त्याचा उपयोग व्हायलाच हवा. पण त्या कागदाने वांगं राखलं जाईल. आजोबांनी अंगठ्याने जे दाखवलं ते कुठल्या कागदात येणार? ते आपणच राखायचं, आणि एकमेकांशेजारी बसल्याशिवाय ते राखता येत नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं, की ही बायांची कामं आणि पुरुषांची कामं अशी जी वाटणी आहे ती आपल्या स्वयंपाकाचा अर्धा वारसा दर पिढीला गमावते. एका घरात, एकाच चुलीभोवती, दोन अर्धी ज्ञानं शेजारी राहतात आणि एक माणूस गेलं की त्यातलं एक जातं. माझा मुलगा बारावीला आहे. पुढच्या वेळी तो येणार आहे आणि तो काकूंजवळ बसणार आहे, पीठ मळायला. त्याला हे सांगितलंय. माझी भाची जाळापाशी बसेल.

दुसरी खेप छान झाली. तिसरी त्याहून छान. बडगीवर मी आणि तडवी मैत्रीण बसलो, तिने बांगड्या काढून माझ्या पिशवीत ठेवल्या आणि पदर खोचला. पात चिरायला चिपळूणची. आजोबांना आग्रह करून थांबवून घेतलं. पुऱ्या यंदा घरी केल्या नव्हत्या. बांधावरच तीन दगडांची चूल मांडली होती, कारण काकूंना घरी एकटं ठेवायचं नव्हतं. त्यांना सोबत शेतात आणलं होतं. त्यांनी कढईपाशी जायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मैत्रिणीने हाताला धरून सतरंजीवर बसवलं.

पहिलं पान काकूंना वाढलं. भरतातून वाफ निघत होती, पात अजून हिरवीगार, तेल कडेने सुटलेलं. त्यांनी पुरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, खाल्लं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं काकांची आठवण आली, डोळे भरले असतील. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"असं गरम लागतं व्हय हे," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन या घरात आल्याला त्यांना एक्केचाळीस वर्षं झाली. दर हिवाळ्यात त्यांच्या पुऱ्या शेतात जायच्या आणि संध्याकाळी उरलेलं भरीत डब्यातून घरी यायचं. तेच त्या खायच्या.

"अजून एक वाढ गं," काकूंनी पान पुढे केलं. "आणि भरीत बडगीतलंच दे."